तिथल्या तिथं सांगणारे दिगूमामा

माझ्याबद्दल कुणी चार शब्द चांगले बोललं की मी आधी पर्स चाचपते. याला माझं पुण्यात जन्मणं जितकं जबाबदार, तितकाच माझा धंदा. मी एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर आहे. दुसऱ्यांनी राबून केलेल्या कामातल्या चुका शोधायच्या आणि त्या करणाऱ्याच्या गळ्यात बांधायच्या, याचा मला पगार मिळतो. ही सवय संध्याकाळी ऑफिसातच ठेवून घरी येत जा, असं माझा नवरा लग्नापासून सुचवतो आहे. तो ज्या वाक्यात सुचवतो त्या वाक्यातसुद्धा मला चूक सापडते.

अशा बाईला नियतीनं नेऊन टाकलं ते दिगूमामांच्या समोरच्या दारात.

आम्ही हैदराबादला आलो आणि नल्लकुंट्यात एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर घर घेतलं. सामान आलं त्या दिवशी मी जिन्यात उभी राहून हमालांच्या चुका काढत होते. मागून आवाज आला, "बाई, एक सांगू का? त्या शेगडीच्या खोक्याला दोरी लई देखणी बांधलीय तुम्ही. अशी गाठ आजकाल कुणाला येत नै."

वळून पाहिलं तर सत्तरीच्या पुढचे एक ठेंगणे गृहस्थ. पांढरा लेंगा, इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि हातात कोथिंबिरीची जुडी. मी मनात शक्यता मोजल्या. विमा, चिट फंड, नाहीतर सोसायटीची निवडणूक. म्हटलं, "आम्हाला काही घ्यायचं नाहीये."

"मी कुठं विकायला आलो? गाठ चांगली दिसली, सांगून टाकलो," असं म्हणून ते कोथिंबीर सांभाळत समोरच्या घरात गेले. मला त्या गाठीचा आतल्या आत इतका आनंद झाला, की संध्याकाळपर्यंत मी त्या दोरीला कुणाला हात लावू दिला नाही. शेगडी खोक्यातच राहिली. शेवटी नवऱ्यानं बाहेरून इडल्या आणल्या.

त्यांचं नाव दिगंबरराव सूर्यवंशी. घराणं उदगीरकडचं, शेतीवाडीचं. निजामाच्या काळात वडील नोकरीसाठी हैदराबादला आले आणि इथलेच होऊन गेले. दिगूमामांची मराठी उदगीरची, हिंदी चारमिनारकडची आणि तेलुगू रेल्वे फलाटावरची. तिन्ही एकाच वाक्यात आल्या तरी कुठलीच कुठलीला धक्का देत नसे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलती मुलगी सुनंदा नागपूरला दिलेली. मामा एकटेच राहत, आणि त्यांच्या घरात दिवसभर कुणी ना कुणी बसलेलं असे. शेजारच्या इस्त्रीवाल्यापासून देवळातल्या पुजाऱ्यापर्यंत सगळ्यांचे ते मामा. मीही दुसऱ्या आठवड्यापासून मामा म्हणू लागले. तोवर विमा निघाला नव्हता, त्यामुळे धोका टळला असं मी धरून चालले.

निवृत्त होईपर्यंत ते सिकंदराबाद स्टेशनात चौकशीच्या खिडकीवर होते. ही चांगलं बोलण्याची खोड त्यांना तिथंच लागली. एकदा मी त्यांना सरळ विचारलं, की हे सारखं लोकांना गोड बोलून तुम्हाला मिळतं काय?

"असं बघा बाई," ते म्हणाले, "चौकशीच्या खिडकीवर खुशीत कोण येते? ज्याची गाडी वेळेवर आहे तो कशाला येईल? येणारा परेशानच येते. त्याला मी काय सांगणार, तर गाडी लेट आहे. तो परेशान आला, अजून परेशान होऊन चालला. मला ते बघवत नव्हते. मग मी सांगायचो, गाडी लेट आहे साहेब, पण पोराला टोपी चांगली घातलीत, कान पूर्ण झाकलेत. माणूस पोराकडं बघायचा. बस की. थोडा वेळ गाडी विसरायचा."

यात त्यांची शिस्त कडक होती. नुसतं 'छान' त्यांना चालत नसे. 'छान' कुणालाही म्हणता येतं, त्याला बघावं लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. नेमकं काय चांगलं ते सांगायचं, खरं असेल तेच सांगायचं, आणि मनात आलं की तिथल्या तिथं सांगायचं. "उद्यापर्यंत ठेवलं तर त्याला वास येते," ते म्हणत. सांगून झालं की समोरचा काही उलट बोलायच्या आत ते तिथून सटकत. आभार घ्यायला थांबणं त्यांना लाजिरवाणं वाटे.

या शिस्तीचा मला ताप फार झाला. एकदा आबिड्सला बँकेत जायचं होतं आणि त्यांनाही तिकडंच काम होतं, म्हणून आम्ही एकाच रिक्षात बसलो. रिक्षावाला निघाल्यापासून कुरकुरत होता. पहिल्याच गतिरोधकानंतर मामा पुढं वाकून म्हणाले, "भाई, तुम वो ब्रेकर पे जो आहिस्ता लिए ना, मेरी कमर दुआ दे रई तुमकू." झालं. त्या माणसाचा चेहराच पालटला. पुढच्या प्रत्येक गतिरोधकावरून त्यानं रिक्षा अशी नेली, जशी काही आत नवरी बसली आहे. खड्डा दिसला की तो थांबे, विचार करी, मग वळसा घेई. आम्ही पोचलो तेव्हा बँकेची जेवणाची सुट्टी सुरू झाली होती. मी बाहेर उन्हात धुसफुसत उभी, आणि रिक्षावाला मामांना आपल्या मुलीच्या लग्नाचे फोटो दाखवत होता.

तरी हे मला जमावं असं मला वाटू लागलं. अशा गोष्टी शिकून येतात या भ्रमात मी अजूनही आहे. माझ्या हाताखाली श्रावणी नावाची एक मुलगी आहे, कामाला फार नीट. एके सकाळी मी तिला मुद्दाम बाजूला बोलावलं, दार लावलं, आणि म्हटलं, "श्रावणी, तू ज्या पद्धतीनं अहवाल लिहितेस ना, त्यानं वाचणाऱ्याला शोधाशोध करावी लागत नाही." मामांच्या नियमानुसार मी ताबडतोब तिथून निघून गेले. तासाभरानं ती रडवेल्या चेहऱ्यानं माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, "मॅडम, मला काढताय का? आधी सांगा फक्त. घरी सांगावं लागेल." माझ्या तोंडून कौतुक म्हणजे निरोप समारंभ, असा तिनं अर्थ लावला होता. तो चूक आहे हे पटवायला मला तिच्या अहवालात दोन चुका काढून दाखवाव्या लागल्या. मग कुठं तिचा जीव भांड्यात पडला.

मामांना हे सांगितलं तर ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "दार कामून लावलं, माय?" म्हणाले. "चांगलं बोलायला कुणी दार लावते का?"

तर अशा या माणसाशी आमच्या इमारतीत फक्त एक जण बोलत नव्हता. आणि मामांचा सगळा जीव त्या एका माणसात अडकला होता.

ते सुब्बारावगारू. 'गारू' म्हणजे आपल्याकडचं 'राव' किंवा 'बाई', पण मामा त्यांना नुसतं 'गारू' म्हणत, जणू जगात दुसरे गारू नव्हतेच. उंच, सडपातळ, बँकेतून निवृत्त झालेले, तिसऱ्या मजल्यावर राहणारे. बोलण्याच्या बाबतीत अत्यंत काटकसरी. पूर्वी रोज संध्याकाळी खाली बदामाच्या झाडाखालच्या बाकावर ही जोडी बसे. मामा बोलत आणि गारू ऐकत. मधूनच ते "ऊँ" करत. त्या एका "ऊँ" वर मामा पुढचा अर्धा तास खेचत. बरीच वर्षं हे असंच चाललं होतं आणि दोघांनाही त्यात काही कमी आहे असं वाटत नव्हतं.

गारूंच्या आईला सगळी इमारत अम्मा म्हणायची. नव्वदी ओलांडलेली बाई, गच्चीच्या कठड्याशी खुर्ची टाकून बसायची आणि मामा बाहेर निघाले की वरून हाक मारून काहीतरी आणायला सांगायची. आम्ही राहायला आलो त्याच वर्षी ती गेली. मामा त्या दिवसांत गारूंच्या घरून हललेच नाहीत. डॉक्टरपासून भटजीपर्यंत सगळं त्यांनी केलं. आणि मग तेराव्याचं जेवण आलं.

पंगतीत मी मामांच्या शेजारीच बसले होते. केळीच्या पानावर पुलिहोरा वाढला होता, म्हणजे त्यांच्याकडचा चिंचेचा भात. अशा जेवणाला चांगलं म्हणायचं नसतं. आपल्याकडे नसतं, त्यांच्याकडेही नसतं. मुकाट्यानं जेवायचं, हात धुवायचे आणि 'येतो' न म्हणता निघायचं. मामांना हे माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. पण जन्मभर तिथल्या तिथं सांगायला सोकावलेली जीभ ती! गारू पंगतीवरून फिरत आमच्यासमोर आले, आणि मामा भरल्या तोंडानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "क्या बात है गारू! ऐसा पुलिहोरा तो शादी में बी नै खाया. आते साल बी बुलाना!"

समोरच्या ओळीतल्या एका आजोबांचा घास हातातच राहिला. वाढणारा वाढायचा थांबला. मामांना आपण काय बोललो ते दुसऱ्या क्षणी कळलं असावं, कारण त्यांचा चेहरा पानासारखा हिरवट पडला. गारूंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि ते पुढच्या पानाकडे गेले. मी काय केलं, तर खाली मान घालून भात चिवडत बसले. ऑफिसात जिथं गरज नाही तिथं तोंड उघडणारी मी, त्या दिवशी मात्र अगदी रीत पाळली.

संध्याकाळी मामा आमच्याकडे येऊन बसले. चहा तसाच गार झाला. "जीभ कापून टाकावी वाटते," ते म्हणाले. "मला सांगायचं काय होतं माहीत आहे का? त्या भातात अम्माच्या हाताची चव होती. माणूस गेलं पण चव ठेवून गेलं, एवढंच सांगायचं होतं. आणि निघालं काय!" दुसऱ्या दिवशी ते वर जाऊन माफी मागून आले. गारूंनी दार अर्धं उघडलं, "परवालेदु" म्हणाले, म्हणजे हरकत नाही, आणि दार लावून घेतलं. त्यानंतर ते बाकावर आले नाहीत. संध्याकाळी ते वर गच्चीवर एकटे फेऱ्या मारत, आणि मामा खाली झाडाखाली एकटे बसत. मामा रोज सकाळी फाटकाशी उभे राहून "नमस्कारम गारू" म्हणत आणि गारू पेपर काखेत मारून पुढं जात.

मला वाटलं, हा प्रश्न आपण सोडवावा. हा माझा दुसरा मोठा दुर्गुण. मामांच्या फोनवरून गारूंना पाठवायला मी एक माफीचा मेसेज तयार केला. ऑफिसात ग्राहक चिडला की पाठवायचा माझा एक साचा आहे, त्यातच मी नावं बदलली. झालेल्या प्रकाराबद्दल आम्ही दिलगीर आहोत, भविष्यात असा प्रकार पुन्हा घडणार नाही याची काळजी घेतली जाईल, इत्यादी. आईच्या तेराव्याच्या बाबतीत 'पुन्हा घडणार नाही' म्हणजे काय, हा विचार मेसेज गेल्यावर माझ्या डोक्यात आला. तोवर दोन निळ्या खुणा उमटल्या होत्या.

"ते निळं काय आलं?" मामांनी विचारलं.

"त्यांनी वाचलं."

"वाचलं ना? बस की," मामा म्हणाले आणि दिवसभर खुशीत होते. उत्तर आलं नाही ते नाहीच. त्या मेसेजमुळे गारूंचा राग आणखी महिनाभर लांबला असणार, अशी माझी खात्री आहे.

इकडे नागपूरहून सुनंदाचा तगादा सुरू होता. मामांचे गुडघे गेलेले, रक्तदाब वर, एकटं राहायचे दिवस संपले होते. ती दर रविवारी फोन करून ये म्हणायची आणि मामा दर वेळी काही ना काही सबब काढायचे. एकदा न राहवून मी म्हटलं, "जा ना मामा. नातवंडं आहेत तिथं."

"कसं जाऊ?" मामा म्हणाले. "इथून मी गेलो की परत काही येत नै, ते मला माहीत आहे. गारू बोलल्याबिगर कसं जाऊ? साऱ्या हैदराबादशी बोललो आणि त्या एका माणसाला गप्प करून चाललो, असं व्हायचं ते." मला फार वाईट वाटलं. असं वाईट वाटलं की मी उठून भांडी घासते. त्या दिवशी मी घासलेलीच भांडी पुन्हा घासली.

असं दीड-दोन वर्षं चाललं. मग मागच्या उन्हाळ्यात एके दुपारी वीज गेली.

मी घरूनच काम करत होते. जिन्यातून धप्प असा आवाज आला आणि पाठोपाठ कुणीतरी लोखंडी जाळी हलवायला लागलं. आमची लिफ्ट जुनी, सरकत्या जाळीच्या दाराची. बाहेर आले तर लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधोमध अडकलेली, आणि आमच्या मजल्यावरून आतल्या माणसाची फक्त पावलं दिसत होती. काळ्या, चकचकीत पॉलिश केलेल्या चपला. इमारतीत अशा चपला एकाच माणसाच्या होत्या. गारूंच्या पत्नी लक्ष्मीगारू देवळात गेलेल्या. लिफ्ट हातानं खाली घ्यायचं चाक वरच्या मशीनच्या खोलीत होतं, आणि त्या खोलीची किल्ली सेक्रेटरींच्या खिशात आबिड्सला गेली होती. वॉचमननं फोन केला. सेक्रेटरी निघाले होते, पण आबिड्सहून निघणं आणि नल्लकुंट्याला पोचणं यात दुपारच्या रहदारीत बरंच अंतर असतं.

वरून गारूंचा श्वास ऐकू येत होता. धाप लागल्यासारखा, तुटक. त्यांना बंद जागेची भीती आहे हे लक्ष्मीगारूंनी मला कधीतरी सांगितलं होतं. मी फोनवर 'लिफ्टमध्ये अडकल्यास काय करावे' हे शोधलं आणि खालून मोठ्यानं वाचून दाखवू लागले. "अंकल, घबराइए मत. लंबी साँस लीजिए. डोअर को हाथ मत लगाइए." वर जाळी आणखी जोरात हलली.

तेवढ्यात मामा भिंतीला धरत बाहेर आले. त्यांनी त्या चपलांकडे पाहिलं. मग गुडघ्यांवर हात ठेवून, कण्हत, ते जिन्याच्या पायरीवर बसले.

"गारू," ते म्हणाले, "चप्पल को पॉलिश खुद करते ना तुम? टाँके के अंदर तक काली है. दुकानवाला इतना नै करता."

वर जाळी पुन्हा हलली.

"और पाँव सीधे रखके खड़े हैं. इस उमर में मेरे तो दोनों बाहर कू जाते." ते बोलत राहिले. गारूंच्या पेपर घडी करण्याबद्दल बोलले. गच्चीवर फेऱ्या मारताना ते पाण्याच्या टाकीचं झाकण नीट लावतात, म्हणून इमारतीत कुणाला पोटाचा त्रास होत नाही, त्याबद्दल बोलले. दीड-दोन वर्षं या माणसानं साठवून ठेवलं होतं. तिथल्या तिथं सांगता न आलेलं सगळं त्या पायरीवर बाहेर पडत होतं. जाळी हलायची थांबली होती, पण श्वास अजून चढलेलाच होता. मग मामा अम्माबद्दल बोलायला लागले. ती वरून हाक मारायची तेव्हा आपल्याला कसं वाटायचं, आपली आई लहानपणी गेली होती, हाक मारणारं कुणी नव्हतं, असं काहीबाही. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, नको, मामा, हे नको.

"नोरु मूयंडी!" वरून आवाज आला. खणखणीत.

तेलुगूत याचा अर्थ 'तोंड बंद करा'. करा, बरं का. इतक्या रागातही गारूंनी त्यांना अहो-जाहोच केलं होतं.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते आणि तोंडभर हसू होतं. "बोलले," ते माझ्या कानात कुजबुजले. "बोलले, माय!" आणि सांगितलं म्हणून त्यांनी खरोखरच तोंड बंद केलं. ओठ घट्ट मिटून, हात गुडघ्यांवर ठेवून, ते शाळेतल्या मुलासारखे बसून राहिले.

बाहेर एक फेरीवाला ओरडत गेला. मग वरून, अगदी हळू, गारूंचा आवाज आला.

"उन्नारा?"

आहात का, असं ते विचारत होते.

"उन्नानु, गारू," मामा म्हणाले. "यहींच हूँ. कहाँ जाऊँगा?"

सेक्रेटरी किल्ली घेऊन येईपर्यंत मामा पुन्हा बोलत होते आणि वरून मधूनमधून "ऊँ" येत होतं. मी हातात पाण्याची बाटली घेऊन उभी होते. ती कुणालाही नको होती. मला रडू येत होतं, म्हणून मीच ती पिऊन टाकली.

लिफ्ट खाली आली. गारू घामानं भिजलेले बाहेर पडले. ना आभार, ना माफी. सदरा झटकून म्हणाले, "कॉफी?" तोवर लक्ष्मीगारू देवळातून परतल्या होत्या. आम्ही सगळे जिन्यानं वर गेलो. त्यांनी पेल्यांतून फिल्टर कॉफी दिली. मामांनी एक घोट घेतला, दुसरा घेतला, आणि माझ्या आठवणीत पहिल्यांदाच ते काही म्हणाले नाहीत. जीभ दातांत धरून बसल्यासारखे बसले होते.

गारू त्यांच्याकडे बघत होते. शेवटी तेच म्हणाले, "कैसी है बोलो ना. चुप कायको बैठे?"

मामांनी पेला खाली ठेवला. थोडा विचार केला. "शक्कर थोड़ी कम है," म्हणाले.

लक्ष्मीगारू इतक्या हसल्या की त्यांना भिंतीला टेकावं लागलं. मामांच्या तोंडून कशालाही कमी म्हटलेलं मी तेवढं एकदाच ऐकलं. इतकं परकेपण त्या घरात आता उरलं नव्हतं, की चांगलंच म्हणायला हवं.

बोलणं सुरू झालं आणि मामांच्या सबबी संपल्या. पावसाळा संपता संपता सुनंदा येऊन त्यांना नागपूरला घेऊन गेली. हे असं होणार हे आम्हा सगळ्यांना कळत होतं, गारूंनाही. मधल्या काळात बाकावरून रोज संध्याकाळी दोघांना उठवायला लक्ष्मीगारूंना खाली यावं लागे. नागपूरला मामा फार दिवस राहिले नाहीत. हिवाळा संपता संपता झोपेतच गेले. फोन मला आला आणि वर जाऊन सांगायचं काम माझ्यावर आलं. मी तिसऱ्या मजल्यावर पोचले आणि फोन हातात धरून दारातच उभी राहिले. गारूंनी माझ्याकडे पाहिलं, माझा हात धरून मला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः समोर बसून राहिले.

पण मामा मला आठवतात ते सिकंदराबादच्या फलाटावरचे. त्यांना पोचवायला मी आणि गारू गेलो होतो. त्या स्टेशनात अजून त्यांना ओळखणारे हमाल होते, त्यामुळे बॅग उचलायला भांडण झालं. मामा आणि सुनंदा वातानुकूलित डब्यात जाऊन बसले. त्या डब्याच्या खिडक्या उघडत नाहीत. मामा आतून काचेला नाक लावून बाहेर बघत होते. गारू बाहेर काचेशी उभे राहिले, आणि ते बोलायला लागले.

मी या माणसाला इतकं बोलताना कधी पाहिलं नव्हतं. हातवारे करून, थांबून, आठवून, पुन्हा सुरू करून ते बोलत होते. तेलुगू, हिंदी, काय वाटेल ते. त्या जाड काचेतून आत एक अक्षर जात नव्हतं. मामा हातानं कानाकडे खूण करत होते, की ऐकू येत नाही. गारूंना ते दिसत नव्हतं, किंवा दिसत असून चालत होतं. मग मामांनी खूण करणं सोडलं आणि ते नुसते मान डोलवत राहिले, प्रत्येक वाक्याला, अगदी पटल्यासारखे. गाडी हलली. गारू काचेबरोबर चालू लागले, बोलत बोलत, फलाट संपत आला तोपर्यंत. मी त्यांच्या कोपराला धरलं तेव्हा कुठं ते थांबले.

डबे पुढून जात होते. गारूंचं वाक्य अर्धंच राहिलं होतं. ते माझ्याकडे वळले.

"मैं क्या बोल रहा था?" त्यांनी विचारलं.

"मालूम नै, अंकल," मी म्हटलं. "बोलो ना. मैं सुन रई."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. फलाट रिकामा होईपर्यंत आम्ही तिथंच उभे होतो.